दोन पिस्तुलांचा कोट

मित्रांनो, जरा बाजूला सरकून उजेड आत येऊ दिलात, तर मी तुम्हांला नीट दिसेन. मी एक कोट आहे. राखाडी रंगाचा, दोन ओळी बटणांचा, अंगावर खडूने ओढल्यासारख्या बारीक पांढऱ्या रेघा असलेला. वय म्हणाल, तर तुमच्या आजोबांनी मला काका म्हणायला हरकत नाही.

तुम्ही मला पाहायला आला नाहीत, हे मला ठाऊक आहे. शेजारच्या कपाटात पिस्तुलं आहेत, त्यांच्यासाठी आलात. सगळेच येतात. त्या पिस्तुलांच्या नळ्यांत शिसं ओतून त्यांची तोंडं कायमची बंद केलेली आहेत, तरी गर्दी त्यांच्याभोवती. मला तर मुळात तोंडच नाही. पण सांगण्यासारखं आहे ते माझ्याकडेच. दोन मिनिटं थांबा.

माझा जन्म एका शिंप्याच्या दुकानात झाला. त्यांना सगळे मास्तर म्हणत. पहिलं महायुद्ध संपलं होतं आणि दुसरं लागायचं होतं, त्या मधल्या वीस वर्षांतली ही गोष्ट. लोकांनी युद्धात फार चिखल पाहिला होता, म्हणून की काय, त्या वर्षांत जो तो नीटनेटका राहायला बघे. हॅट एका भुवईवर किंचित कललेली, बूट आरशासारखे, पाटलोणीची घडी अशी की बोट कापावं. नव्या मोटारी आल्या होत्या आणि त्यांत बसून पळून जाणारे दरोडेखोरही आले होते. सकाळी वर्तमानपत्र उघडलं की एक तरी बँक लुटलेली असायचीच.

मास्तरांकडे दोन्ही बाजूंची गिऱ्हाइकं येत. मंगळवार गुप्त पोलिसांचा आणि बुधवार ते ज्यांच्या मागावर असत त्यांचा. समोरासमोर गाठ पडू नये म्हणून मास्तरांनी वार वाटून दिले होते. दोघांचे कोट मात्र एकाच दांडीवर शेजारी शेजारी लटकत, आणि आमच्यात कधी भांडण झालं नाही.

मास्तरांची एक पद्धत होती. सगळी मापं घेऊन झाली की ते फीत गळ्यात टाकत, खिडकीबाहेर बघत आणि हळूच विचारत, "डाव्या अंगाला सामान असतं का?" पिस्तूल हा शब्द त्यांच्या दुकानात कुणी कधी उच्चारला नाही. सामान म्हटलं की भागे. गिऱ्हाईक हो म्हणालं, की मास्तर डावी छाती अर्धा इंच सैल बेतत आणि काखेखाली आतून चामड्याचा कप्पा शिवत. कोट अंगात घातला की बाहेरून कुणाला पत्ता लागत नसे.

एका सकाळी एक घड्याळजी आला. वाराशी त्याचं काही देणंघेणं नव्हतं, तो गुरुवारी आला. सडपातळ, लाजाळू माणूस. बँका, कचेऱ्या आणि मोठी घरं यांतल्या भिंतीवरच्या घड्याळांना किल्ली देणं, ती पुसणं, मागे पडलेली पुढे करणं हे त्याचं काम. मास्तरांनी मापं घेतली, फीत गळ्यात टाकली आणि खिडकीकडे बघून विचारलं, "डाव्या अंगाला सामान असतं का?"

घड्याळजी दचकला. मग त्याला वाटलं, शिंपी लोक अनुभवी, त्यांना चेहऱ्यावरून कळत असेल. "असतं," तो म्हणाला. "डाव्याच अंगाला. उजव्या हाताने काम करायचं असतं ना."

"जड आहे?"

"पावणेदोन किलो. पण वाढेल."

मास्तरांनी मान डोलावली. माणूस पुढे मोठं घेणार असेल. "आवाज?"

"फार मोठा," घड्याळजी म्हणाला. "एवढ्याशा जिवाच्या मानानं फारच. म्हणून तर झाकायचंय. लोक घरात घेत नाहीत हो."

जिवाच्या मानानं हे शब्द मास्तरांना नीट ऐकू गेले नसावेत. ते म्हणाले, "लोक कसे घेतील. पुढच्या गुरुवारी या, आणि सामान घेऊन या. त्याच्यासकट अंगात घालून बघावं लागतं."

पुढच्या गुरुवारी मी अर्धा शिवलेला होतो. अंगावर पांढरे धावदोरे, एक बाही लागायची होती. घड्याळजी आला तसे मास्तर उठले, दाराला कडी लावली, पडदा ओढला. असल्या गिऱ्हाइकाचं सामान बाहेर निघताना ते नेहमीच तसं करत. मग हात मागे बांधून म्हणाले, "काढा."

घड्याळजीने हातातली टोपली टेबलावर ठेवली, वरचं फडकं बाजूला केलं आणि आतून एक मुलगी काढली.

मित्रांनो, मी पुष्कळ सामान पाहिलं आहे. पण इतकं लहान नाही. सातव्या महिन्यात जन्मलेली, दीड महिन्याची पोर. मूठ एखाद्या बटणाएवढी. तिची आई बाळंतपणातच गेली होती. नर्सबाईंनी घड्याळजीला सांगितलं होतं, हिला गोधड्यांत गुंडाळून ठेवू नका, छातीशी धरा. तुमच्या अंगाची ऊब मिळाली तर ही जगेल. आणि घड्याळजीला तर रोज दहा ठिकाणी शिडीवर चढायचं होतं. घरात दुसरं कुणी नव्हतं.

 मास्तरांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "नाव काय सामानाचं?"

"अजून ठेवलं नाही. मी सेकंद म्हणतो. घड्याळात सगळ्यांत बारीक काटा तोच ना."

मास्तरांनी माझा तो चामड्याचा कप्पा उसवला, दोन्ही बाजूंनी रुंद केला आणि आत मऊ फलालीनचं अस्तर लावलं. त्यापायी माझी डावी छाती पुन्हा बेतावी लागली आणि एक खोट राहिली. माझ्या छातीवरच्या रेघा कॉलरवरच्या रेघांना जुळत नाहीत, बोटभर सरकल्या आहेत. मास्तरांच्या हातून आयुष्यात रेघ चुकली ती एवढीच. पण त्यांनी ते कापड बदललं नाही. म्हणाले, "तिला उद्यापासून लागेल. रेघा काय, बघणारे बघतील."

माझ्या नोकरीचे ते पहिले दोन महिने. कुणी मला विचारलं की तुझे सुखाचे दिवस कुठले, तर मी तेच सांगेन. घड्याळजी शिडीवर चढून उजव्या हाताने किल्ली देई आणि डावा कोपर अंगाशी धरून सेकंदला सांभाळी. तिला दोन टिकटिकी ऐकू येत, एक भिंतीवरची आणि एक त्याच्या छातीतली. दोन्हींच्या मध्ये ती झोपून जाई. कुणाच्या घरात, कुणाच्या कचेरीत कळत नसे की माणूस एकटा आलेला नाही. पावणेदोन किलोचे सव्वातीन झाले, ते मला शिवणींवरून कळलं.

मग तो सोमवार आला.

गावातल्या बँकेच्या घड्याळाचं काम घड्याळजीला नव्यानेच मिळालं होतं. तिथे त्याला कुणी ओळखत नव्हतं. वाटेत सेकंद किरकिरली होती आणि दारात पोचता पोचता तिचा डोळा लागला होता. घड्याळजी उजवा हात माझ्या आत घालून तिला थोपटत होता. हॅट डोळ्यांवर आलेली, ती सारायला हात मोकळा नव्हता. अशा थाटात तो रोखपालाच्या जाळीपाशी गेला आणि वाकून कुजबुजला, "आवाज करू नका."

रोखपालाने माझ्याकडे पाहिलं. डाव्या काखेखालचा फुगवटा पाहिला. आत गेलेला हात पाहिला. आणि त्याने आपले दोन्ही हात वर केले. त्याचं पाहून शेजारच्याने केले. मग सगळ्या बँकेने.

घड्याळजी गोंधळला. "हात कशाला वर करताय?" तो आणखी हळू बोलला. "मी माझं काम करतो आणि गुपचूप जातो."

त्या वेळी कोपऱ्यातल्या बाकावर एक गुप्त पोलीस बसला होता. मास्तरांचं मंगळवारचं गिऱ्हाईक. त्याच्याही अंगात मास्तरांच्याच हातचा कोट होता, त्यामुळे डाव्या अंगाची ती सैल बेतणी त्याने एका नजरेत ओळखली. तो मागून आला आणि म्हणाला, "हात वर."

"करता येणार नाहीत, साहेब."

"का?"

"सेकंद झोपलीय."

"एक सेकंदसुद्धा देणार नाही. वर म्हणजे आत्ता वर."

"वर केले तर पडेल हो."

पोलिसाला वाटलं, पिस्तुलाचा घोडा चढवलेला आहे आणि ते पडून सुटेल. त्याने घड्याळजीला तसंच, हात आत असतानाच, दोन्ही दंड धरून चौकीवर नेलं. चौकीच्या दारात वर्तमानपत्राचा छायाचित्रकार उभा होता. त्याने फोटो घेतला आणि तो घेऊन धावला. त्यानंतर पाचच मिनिटांनी सेकंद जागी झाली.

मघाशी सांगितलं ना, आवाज फार मोठा. चौकीतले सगळे उठून उभे राहिले. गुप्त पोलिसाने माझी बटणं काढली आणि तो खुर्चीत बसला. "ह्याला सामान म्हणतात होय," एवढंच त्याला सुचलं. तासाभरात त्यांनी घड्याळजीला सोडलं. एका शिपायाने तर दूधही गरम करून दिलं.

पण फोटो छापखान्यात पोचला होता. मंगळवारी पहिल्या पानावर मी होतो. वर मोठ्या अक्षरांत, "बँकेत शस्त्रधारी इसम जेरबंद". खाली घड्याळजी, खाली घातलेली मान, हॅटच्या कडेखाली लपलेला चेहरा, आणि माझ्या न जुळणाऱ्या रेघा. चेहरा कुणाला दिसत नव्हता, पण त्या कोटाला आणि त्या माणसाला गावात रोज बघणारे होतेच.

दारं बंद झाली. कुणी वाईट बोललं नाही. "सध्या घड्याळ बरं चाललंय," म्हणायचे. "लागलं तर बोलावू." ज्या घरातलं घड्याळ बंद पडलं होतं, तेही म्हणाले बरं चाललंय. पोलिसांनी सोडलं हे पुष्कळांना ठाऊक होतं. पण फोटो सगळ्यांनी पाहिला होता. घड्याळजीने त्या दिवसापासून वर्तमानपत्र घेणं सोडलं, ते कायमचं. दीड महिन्याने त्याने टोपली, हत्यारांची पेटी आणि मला उचललं आणि दुसरं गाव गाठलं.

तिथे सेकंद मोठी झाली. माझ्या कप्प्यात ती मावेनाशी झाली, तेव्हा त्यात बारीक पेचकस राहू लागले. तिला शाळेत सोडायला मी जात असे, तिच्या लग्नातही मी होतो, कोपर झिजलेले आणि त्यांवर ठिगळं. ती अठरा वर्षांची झाली तेव्हा एकदाच बाबांनी तिला त्या सोमवारची हकिगत सांगितली. रोखपालाचा भाग सांगताना ते हसले. फोटोचा सांगताना हसले नाहीत. म्हणाले, "छापणारे छापून मोकळे झाले. पोरी, मी चोर नव्हतो, हे कुठंच छापून आलं नाही बघ." नंतर त्यांनी तो विषय पुन्हा काढला नाही.

ते गेले तेव्हा सेकंद लांब, सासरी होती. ती येईपर्यंत घरमालकिणीने खोली रिकामी करून कपडे जुन्या बाजारात देऊन टाकले होते. तिने मला पुष्कळ शोधलं म्हणे. मी तेव्हा एका पत्र्याच्या पेटीत होतो. वर तीन पडदे, खाली कुणाचा तरी तंबू. मला कसर लागली. मित्रांनो, कसर फार सावकाश खाते. आज एक धागा, उद्या एक. कुणी हलवत नाही, ऊन दाखवत नाही, तेव्हा तिचं फावतं. ती वर्षं मी मोजली नाहीत.

त्या पेटीतून मला ज्यांनी काढलं, ते हे चष्मेवाले. तुम्ही आत्ता ज्यांच्या दुकानातून इकडे आलात, तेच. पुढे चष्म्यांचं दुकान आणि मागे ही खोली. दोन युद्धांमधल्या त्या वीस वर्षांचं त्यांना वेड आहे. त्या वेळच्या हॅट, त्या वेळची पिस्तुलं, दरोड्यांच्या बातम्यांची कात्रणं, सगळं त्यांनी जमवलं आहे. कुठलं पिस्तूल कुठल्या साली निघालं, त्याचा आवाज कसा यायचा, हे ते असं सांगतात जसं काही ते शेजारी राहत होते. दर रविवारी त्यांची मित्रमंडळी जुने सूट घालून जमतात आणि हॅट किती अंशात कलली पाहिजे यावर वाद घालतात.

माणूस मात्र मेणाहून मऊ. त्यांच्या बायकोला विचारा. ती चहाचे कप आणून ठेवते आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणते, "झुरळ दिसलं की हे खुर्चीवर चढतात. आणि कपाटात बघा, अठरा पिस्तुलं."

"एकोणीस," चष्मेवाले म्हणतात.

त्यांनी मला उन्हात घातलं, एकेक भोक रफू करून घेतलं, डांबरगोळ्या दिल्या. मी त्यांचे उपकार विसरणार नाही. पण एक दिवस ते माझा आतला कप्पा चाचपत बसले आणि त्यांचा चेहरा उजळला. मग त्यांनी कात्रणांची वही काढली, भिंग लावलं. सरकलेल्या रेघा. तोच कोट. त्यांच्या हातातून भिंग खाली पडलं.

पुढचे सगळे तर्क त्यांनी त्या रविवारी मंडळींना उलगडून सांगितले. "कप्पा एवढा रुंद का? एका पिस्तुलाला एवढी जागा लागत नाही. दोन पिस्तुलं. आतून फलालीन का? लोखंडावर लोखंड वाजू नये म्हणून. आणि फोटोत चेहरा बघा कसा लपवलाय. मुरलेला माणूस." मंडळींनी हॅट काढल्या. मग माझ्या खाली पाटी लागली, "दरोडेखोराचा कोट. दोन पिस्तुलांची गुप्त सोय." आणि माझ्या कप्प्यात त्यांनी खरंच दोन पिस्तुलं ठेवली.

जिथे ती झोपत असे, तिथे ते गार लोखंड. सात वर्षं ते माझ्या काखेत होतं. माणसं येत, पाटी वाचत, आणि ज्या माणसाने कधी कुणाचं घड्याळसुद्धा परत द्यायला उशीर केला नाही, त्याला दरोडेखोर म्हणून निघून जात. मी काय करणार? कोटाला फार तर एखादं बटण टाकता येतं. तेवढं मी टाकून पाहिलं. चष्मेवाल्यांनी ते शिवून टाकलं.

मग मागच्या वर्षी एक आजीबाई नवा चष्मा न्यायला आल्या. मुलाची बदली या गावात झाली म्हणून त्या त्याच्याबरोबर इथे राहायला आल्या होत्या. बुटक्या, पाठीत वाकलेल्या, आवाज मात्र खणखणीत. चष्मेवाले कुणाचाही नवा चष्मा तपासायचा असला की त्याला मागच्या खोलीत आणतात. खरं म्हणजे त्यांना आपला संग्रह दाखवायचा असतो. "लांबचं वाचा बघू," ते म्हणाले. "ती समोरची पाटी."

आजीबाईंनी वाचलं, "दरोडेखोराचा कोट." मग त्या थांबल्या. पुढे आल्या. नाक काचेला लागेपर्यंत पुढे आल्या.

"चष्मा बरोबर आहे ना?" चष्मेवाल्यांनी विचारलं.

"चष्मा बरोबर आहे. पाटी चुकलीय."

चष्मेवाले हसले. असे पुष्कळ लोक त्यांना भेटतात. "आजी, माझ्याकडे पुराव्याशिवाय एक ओळ लिहिलेली नसते. हे कात्रण बघा. दोन पिस्तुलं घेऊन बँकेत शिरला होता."

"पिस्तूल नव्हतं त्यात."

"मग काय होतं?"

"मी होते."

चष्मेवाल्यांची बायको दारात कप घेऊन उभी होती, तिने ते खाली ठेवले. आजीबाईंनी सगळं सांगितलं. नर्सबाई, मास्तर, टोपली, बँक. रडल्या नाहीत, रागावल्या नाहीत. चष्मेवाले ऐकत होते, पण माणसाला आपली सात वर्षांची पाटी अशी सुटत नाही. ते म्हणाले, "पण आजी, निर्दोष माणूस चेहरा कशाला लपवेल?" आणि त्यांनी फोटोवर बोट ठेवलं.

आजीबाईंनी नव्या चष्म्यातून तो फोटो पहिल्यांदाच पाहिला. बराच वेळ पाहिला.

"लपवत नाहीयेत हो," त्या म्हणाल्या. "माझ्याकडे बघतायत."

चष्मेवाल्यांनी भिंग घेतलं. ठेवून दिलं. भिंगाची गरज नव्हती. एकदा सांगितल्यावर कुणालाही दिसलं असतं, त्या माणसाची मान ज्या दिशेला वळली होती तिथे काय असणार ते.

"माझं एक मागणं आहे," आजीबाई म्हणाल्या. "कोट तुमचा. तुम्ही जपलात, तुमच्याकडेच राहू दे. पण बाबांना दरोडेखोर म्हणू नका. जन्मभर त्यांना तेवढंच लागलं होतं."

त्या रविवारी मंडळी जमली तेव्हा वाद झाला. त्यांच्यातले वकीलसाहेब म्हणाले, "म्हाताऱ्या बाईंची आठवण म्हणजे पुरावा नव्हे. आणि आपला सगळ्यांत भारी नग हातचा घालवायचा? पाटी राहू दे. त्या काय, पुन्हा यायच्या नाहीत."

"येतील," चष्मेवाल्यांची बायको म्हणाली. "नाही आल्या तर मी बोलावीन. दोन पिस्तुलं म्हणे."

चष्मेवाल्यांनी फोटो जवळ ओढला. मग म्हणाले, "वकीलसाहेब, मी लोकांच्या नजरेचे दोष काढतो. सात वर्षं हा फोटो बघितला, आणि मला दिसलं नाही." जरा थांबून त्यांनी कात्रणांची वही पुढे ओढली. "ह्यात चारशे कात्रणं आहेत. पकडलं, धरलं, जेरबंद. एक तरी 'सोडलं' आहे का? सुटकेची बातमी कुणी कापूनच ठेवत नाही. मीही नाही ठेवली."

सोमवारी त्यांनी दुकान उघडलं नाही. वाचनालयात जुन्या वर्तमानपत्रांचे गठ्ठे आहेत, तिथे गेले. मंगळवारचा अंक त्यांना पाठ होता. त्यांनी बुधवारचा मागितला. पहिल्या पानावर काही नव्हतं. दुसऱ्यावर नाही, तिसऱ्यावर नाही. गुरुवारचा पाहिला, शुक्रवारचा पाहिला. परत बुधवारचा घेतला आणि एकेक ओळ बोट ठेवून वाचली. सातव्या पानावर, हवेचा अंदाज संपतो तिथे, चार ओळी होत्या.

पुढच्या रविवारी त्यांनी आजीबाईंना बोलावलं. खुर्ची माझ्या कपाटासमोर ठेवली. मंडळी उभी होती, वकीलसाहेबही. चष्मेवाल्यांनी खिशातून कागद काढला आणि वाचला.

"'सोमवारी बँकेत पकडलेला इसम घड्याळजी असून तो घड्याळास किल्ली देण्याकरिता आला होता. त्याच्या कोटात शस्त्र नसून तान्ही मुलगी होती. त्यास त्याच दिवशी सन्मानाने सोडण्यात आले. मुलीची प्रकृती उत्तम आहे.'"

आजीबाई म्हणाल्या, "परत वाचा." त्यांनी परत वाचलं. मग आजीबाईंनी कागद मागून घेतला आणि स्वतः वाचला, ओठ हलवत.

"छापलं होतं की," त्या म्हणाल्या. "बाबांनी पेपर घेणं सोडलं ना. त्यांना कळलंच नाही." कागद त्यांनी मांडीवर सरळ केला. शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. "हे मात्र अजूनही खरं आहे हं."

सगळ्यांत आधी वकीलसाहेब हसले, आणि मग त्यांनाच रुमाल काढावा लागला.

चष्मेवाल्यांनी कपाट उघडलं. माझ्या कप्प्यातली दोन्ही पिस्तुलं काढून ती इतरांच्या रांगेत नेऊन ठेवली. पाटी काढली. कोरा पुठ्ठा आणि शाई पुढे केली आणि विचारलं, "काय लिहू?"

"घड्याळजीचा कोट," आजीबाई म्हणाल्या.

"खाली लिहू का, ह्यात पिस्तूल नव्हतं म्हणून?"

"जे नव्हतं ते कशाला लिहायचं?"

मग त्या खुर्चीचा हात धरून उठल्या आणि माझ्याजवळ आल्या. इतक्या वर्षांनी तो हात माझ्या छातीवरून फिरला. मला सगळी बटणं लावलेली होती, जुन्या पोशाखाच्या नियमाप्रमाणे, काटेकोर. आजीबाईंनी वरून दुसरं बटण शोधलं. ते जरा घट्ट होतं, पण कुणी मदतीला पुढे आलं नाही, आणि ते बरं झालं. त्यांनी ते बटण काढलं.

"हे बाबा लावत नसत," त्या म्हणाल्या. "मला श्वास घ्यायला."

तेव्हापासून ते बटण उघडंच असतं. जुन्या कपड्यांचे जाणकार येतात, लगेच त्यांच्या डोळ्यांत खुपतं. "चष्मेवाले, बटण लावायचं राहिलं की." चष्मेवाले चष्मा पुसत म्हणतात, "राहू दे."

मित्रांनो, तुमच्याही घरी पेटीच्या तळाशी माझ्यासारखं कुणी पडलेलं असेल. त्याला वर्षातून एकदा तरी ऊन दाखवा, झटका, कसर लागू देऊ नका. ते कुणाचं होतं, हे विचारायला घरात कुणी असेल, तर आजच विचारा. आणि एखाद्या माणसाबद्दल मंगळवारचा कागद तुमच्या हाती आला, तर तेवढ्यावर त्याची पाटी लिहू नका. बुधवारचा कागद शोधा. तो मागच्या पानावर असतो, बारीक अक्षरांत असतो, आणि तो कापून जपून ठेवणारं कुणीतरी लागतं.